सरांनी सांगितल्याप्रमाणे

८ फेब्रुवारी, रविवार

श्री.
(सवय. आमचे नाना शिक्षक. श्री नसलेलं पान तपासायचे नाहीत, स्वतःच्या मुलाचंसुद्धा. देव केव्हाच सुटला, श्री सुटला नाही.)

सहा नंबर काल बाहेर पडला. नवी आवृत्ती, तीत आमची सूचना. पावणेचार वर्षं. प्रस्तावावर दोन नावं, माझं आणि रेवतीचं. तिचा सकाळी सातला फोन. "झोपला होतास? झोप. आता म्हातारपणच उरलंय." तिच्या भाषेत हे अभिनंदन.

वैशालीनं शिरा केला आणि चौथ्यांदा विचारलं की तुम्ही दोघांनी नक्की केलंय काय. नवरा नोकरी सोडून एवढी वर्षं काय करत होता हे बायकोला कळायला हवंच. सांगितलं. संगणकी नाण्याला कुलूप घालायची एक भाषा असते. तीत पहिल्यापासून काही सूचना रिकाम्या सोडलेल्या आहेत. नंबर आहे, अर्थ नाही. संगणक तिथे येतो, काही करत नाही, पुढे जातो. त्यातल्या सहा नंबरला आम्ही अर्थ दिला. ज्या कुलपात सहा नंबर असेल त्यातलं नाणं आधी ठरवलेल्या ठिकाणीच जाईल. किल्ली चोरली तरी चोराला ते पळवता येणार नाही.

"आणि ज्यांच्याकडे जुनं सॉफ्टवेअर आहे त्यांचं काय?" चांगला प्रश्न. त्यांना सहा नंबर पूर्वीसारखाच रिकामा दिसेल. त्यांचं काही बिघडत नाही. जुनं-नवं एकाच जाळ्यावर सुखानं नांदतं. सगळी मेहनत तिथेच गेली.

आता कौल. खाणवाले, म्हणजे ज्यांची यंत्रं व्यवहारांचे गठ्ठे बांधतात ते, ऑगस्टअखेरपर्यंत हो-नाही कळवतील. दहातल्या नऊ जणांचा हो आला की सप्टेंबरपासून लागू. शिरा जास्त खाल्ला.


१४ फेब्रु., शनि.

श्री. बुधवार पेठेत केबल घ्यायला गेलो. अजित भोसेकरच्या दुकानात. सात वर्षांपूर्वी याच दुकानाच्या माळ्यावर, खोक्यांच्या मधोमध, मी चार शनिवार वर्ग घेतला होता, नाण्यांची कुलपं लिहायला शिकवायचा. अकरा जण. अजित त्यातलाच. केबलचे पैसे घेईना. वर म्हणाला, "सर, अजून श्री लिहितो बरं का! सोडलेलं नाही."

दोघंही हसलो.

कर्वे रस्त्यावर सिग्नलला थांबलो होतो तेव्हा ते डोक्यात शिरलं. श्री. आम्ही श्री म्हणून काय लिहायचो? मागे हॉर्न. शेजारचा स्कूटरवाला म्हणाला, "काका, याच्यापेक्षा हिरवा होत नाही तो."


त्याच दिवशी, संध्या. ६

फाइल सापडली. वर्गाच्या झेरॉक्स. पान तीन, माझंच अक्षर. "प्रत्येक कुलपाच्या पहिल्या ओळीत सहा नंबरची रिकामी सूचना लिहावी. हा आपला श्री. अर्थ काही नाही, शुभ असतं."

विनोद म्हणून. सगळे हसले होते. नाना असते तर त्यांनाही आवडलं असतं.


१५ फेब्रु., रवि.

शांतपणे लिहितो, म्हणजे मलाच कळेल.

कुलूप उघडताना आपण जे देतो ते संगणक एकावर एक रचतो, मांडणीतल्या ताटांसारखं. आमचा सहा नंबर सगळ्यात वरचं ताट बघतो. ते बरोब्बर बत्तीस घरांचं, म्हणजे बत्तीस बाइटचं, असेल तरच तो जागा होतो आणि त्यात नाणं जाण्याचं ठिकाण शोधतो. बत्तीस नसेल तर रिकामाच राहतो. ही आमची सुरक्षितता. रेवतीला या कलमाचा अभिमान आहे, मलाही होता.

माझ्या वर्गात कुलूप उघडायला दोन गोष्टी लागायच्या, सही आणि एक गुपित. गुपित किती घरांचं असावं? पान तीन, खाली, दोनदा अधोरेखित: बत्तीस. वरचं ताट कोणतं? गुपित. त्याच्यावर पहिली सूचना कोणती? श्री.

म्हणजे सप्टेंबरनंतर वर्गातल्या पद्धतीचं कुलूप कोणी उघडायला गेलं की सहा नंबर गुपितालाच पत्ता समजेल, पत्ता जुळणार नाही, कुलूप उघडणार नाही. कधीच नाही.

ओळ शेवटी लिहायला सांगितली असती तर काही झालं नसतं. पण श्री शेवटी कोण लिहितं?

आम्ही जाळं तपासलं होतं. आजवर उघडलेल्या एकाही कुलपात सहा नंबर नव्हता. न उघडलेली कुलपं बंद पाकिटात असतात, आत काय आहे ते उघडल्याशिवाय कोणालाच दिसत नाही. आम्ही म्हणालो, असून असून काय असणार.


१६ फेब्रु., सोम.

जुना पत्रव्यवहार काढला. दोन वर्षांपूर्वी हेन्रिकनं, आमचं काम तपासणाऱ्यांतला सगळ्यात जुना माणूस, नेमकं हेच विचारलं होतं. कोणी आधीच सहा नंबर वापरला असेल आणि त्याला वरच्या ताटात बत्तीस घरांचं काही सापडलं तर? जुन्या नाण्यांना जुनाच नियम ठेवणारं कलम घालू या का?

माझं उत्तर: "गुपिताच्या डोक्यावर रिकामी सूचना कोणता शहाणा माणूस लिहील?"

खाली सतरा अंगठे.


१९ फेब्रु., गुरु.

अजितकडे हजेरीचा कागद होता. त्याच्याकडे सगळे कागद असतात. अकरा नावं. तीन दिवस फोन. सात जणांनी फक्त सरावाची कुलपं केली होती, खरं नाणं घातलंच नाही. पुण्यातल्या माणसांच्या संशयी स्वभावाचे मी आज प्रथमच आभार मानले. दोघांनी घातलं होतं, त्यांनी माझ्यासमोर काढून दुसरीकडे ठेवलं. अजितचंही काढलं. "श्रीचं विघ्न होय? कमाल आहे," म्हणाला.

दहा झाले. अकरावा दिलीप वानखेडे. नंबर बंद.

अजित: "सर, तो गेला. चार वर्षं झाली. हार्ट. तुम्हाला माहीत नव्हतं? घर तुमच्या वारज्यातच आहे."

माहीत नव्हतं. चेहरा आठवतो. चाकणला कारखान्यात होता, पाळी बदलून वर्गाला यायचा. शेवटच्या खुर्चीत. काहीतरी विचारलं होतं त्यानं एकदा, सगळ्यांसमोर. काय ते आठवत नाही.


२२ फेब्रु., रवि.

गेलो. माझ्या घरापासून चालत बारा मिनिटं. चार वर्षं मी त्याच गल्लीतून भाजी आणतोय.

संगीताताई वानखेडे. सरकारी कार्यालयात लिपिक, आवक-जावक बघतात. मूळच्या वर्ध्याकडच्या. मी नाव सांगितलं तर उभ्याच राहिल्या. "वर्गवाले सर? ते किती नाव घ्यायचे तुमचं." मला बसवेना.

मुलगी प्रज्ञा, अकरावीत. कोपऱ्यात ड्रॉइंग बोर्ड. आर्किटेक्चरला जायचंय.

कपाटातून फाइल आली. फाइलीत कागद, लॅमिनेट केलेला. दिलीपनं कुलूप हातानं लिहून काढलं होतं, ओळ-ओळ, शेजारी मराठीत खुलासा. एक ओळ मी वर्गात शिकवलेली, पण दुसऱ्या कोणी वापरली नव्हती: तारखेचं कुलूप. मुलगी अठरा पूर्ण करेपर्यंत उघडायचं नाही. पुढच्या वर्षीचा जून.

"माझाच माझ्यावर भरवसा नाही म्हणाले. म्हणे, अडचण आली की मीच मोडून खाईन. म्हणून असं केलं की त्यांना बी काढता येऊ नये."

आणि सगळ्यात वरची ओळ. सहा नंबर. शेजारी कंसात त्याचं बारीक अक्षर: श्री (सरांनी सांगितल्याप्रमाणे).

म्हणालो, सहज तपासायला आलो होतो. फक्त कुलपाच्या ओळींचा फोटो घेतला. चहा प्यायलो. बिस्किटंही खाल्ली. घरी येऊन वैशालीला काही सांगितलं नाही.


२३ फेब्रु., सोम.

आठवलं.

तिसरा शनिवार. दिलीप शेवटच्या खुर्चीतून: "सर, आमच्या घरी श्री लिहीत नाहीत. नाही लिहिलं तर चालतं का?"

मी हसून म्हणालो होतो, "अहो, रिकामी ओळ आहे ती, तिला काही अर्थ नाही. पण लिहा, सगळ्यांचं सारखं राहू द्या."

लिहिलं त्यानं.

अकरापैकी एकाच माणसाला ती ओळ नको होती. आणि तीच ओळ ज्याला काढता येणार नाही असाही तो एकटाच निघाला. मला लाज वाटते, एवढं लिहून सोडतो. आणखी काही लिहिलं तर ते स्वतःची समजूत घालणं होईल.


२५ फेब्रु., बुध.

सरावाच्या जाळ्यावर दिलीपचं कुलूप हुबेहूब बांधलं, तारीख जवळची घालून. जुन्या नियमानं: उघडलं. नव्या नियमानं: नाही. बारा वेळा करून पाहिलं. बाराव्यांदा उघडेल अशी का कोण जाणे आशा होती.

लागू होणार सप्टेंबरात. त्याची तारीख पुढचा जून. मधले नऊ महिने. आधी काढता येत नाही, तेच तर त्यानं करून ठेवलंय. नंतर उघडणार नाही, ते मी.


१ मार्च, रवि.

वैशालीला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "मग बदला ना. तुमचंच आहे ना ते?"

तेच तर. आवृत्ती बाहेर पडली, हजारो जणांनी बसवली. आता मी सवलतीचं कलम घालून दुरुस्ती काढली तर जूनमध्ये दिलीपचं कुलूप दुरुस्ती बसवलेल्यांकडे उघडेल आणि आताची आवृत्ती बसवलेल्यांकडे उघडणार नाही. अर्धे म्हणणार व्यवहार खरा, अर्धे म्हणणार खोटा. जाळं दुभंगेल. नियम घट्ट करताना जुन्या माणसांना विचारावं लागत नाही. सैल करायचा तर प्रत्येकाच्या दारात जावं लागतं. आम्ही सतत मागच्यांचा विचार केला, जुनं सॉफ्टवेअर चालेल ना, जुनी यंत्रं चालतील ना. जुनं कुलूप कोणी हिशेबात धरलंच नाही.

एकच वाट. कौल फसायला हवा. ऑगस्टपर्यंत दहात नऊ झाले नाहीत तर हा सहा नंबर आपोआप रद्द. मग सवलतीसकट नव्यानं.

म्हणजे मीच माझ्या प्रस्तावाच्या विरोधात उभं राहायचं.


४ मार्च, बुध.

रेवतीकडे गेलो. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तिनं कागद वाचला, दोनदा. तिला कळायला मिनिटही लागलं नाही, ती माझ्यापेक्षा हुशार आहे.

"किती कुलपं अशी?"
"माहीत असलेलं एक."
"एक." 
कागदाची घडी घातली तिनं. मग, "श्री लिहिलास ना? मग होऊ दे की शुभ."

मी उठलो. दारात म्हणाली, "प्रसाद, आईच्या आजारपणात मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून त्या चाचण्या लिहिल्यात. एका कुलपासाठी तू ते बुडवणार. बुडव. पण माझं नाव घालू नकोस." डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तिचंही चूक नाही. हे सगळ्यात वाईट आहे, कोणाचंच चूक नाही, माझ्याशिवाय.


९ मार्च, सोम.

टपालयादीवर, म्हणजे या कामातल्या सगळ्यांना एकदम जाणाऱ्या ईमेलवर, लिहिलं. सगळं. वर्ग, श्री, बत्तीस, माझं दोन वर्षांपूर्वीचं उत्तर शब्दशः. शेवटी: खाणवाल्यांना विनंती, हो म्हणू नका.

हेन्रिकचं उत्तर तासाभरात. दोनच ओळी. चाचणी करून पाहिली, खरं आहे, सवलतीची दुरुस्ती मी तपासतो. "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.


१३ मार्च, शुक्र.

बाकीच्यांचं:

"एका माणसानं चुकीची ओळ लिहिली म्हणून जग थांबवायचं?"
"रिकामी सूचना वापरू नये हे सगळ्यांना माहीत होतं." 
"लेखक फुटला. कोणी पैसे दिले?"
"रक्कम किरकोळ आहे, लेखकानं स्वतःच भरून द्यावी."

शेवटचं मलाही सुचलं होतं. सुचलं नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. तेवढं मी उचलून देऊ शकतो. पण मग आणखी कुठे कोणी असंच काही लिहून मेला असेल त्याचं काय? आणि संगीताताईंना काय सांगू, की दिलीपनं ठेवलेलं मी जाळलं, हे घ्या माझं?

अजून त्यांना सांगितलेलंच नाही. जगाला सांगितलं, त्यांना नाही. भित्रा आहे मी.


१९ मार्च, गुरु. पाडवा

गुढी वैशालीनं उभारली. मी काठी धरली फक्त. कौल दहात सहा. माझ्या पत्रानंतर वाढला. लोकांना वाटतं, विरोध होतोय म्हणजे काहीतरी दमदार असणार.


२२ मार्च, रवि.

सांगितलं.

मला वाटलं होतं त्या रडतील किंवा हाकलतील. संगीताताईंनी चष्मा लावला आणि कार्यालयात असल्यासारखे प्रश्न विचारले.

"हा नवा नियम कोणी काढला?"
"मी. आणि एक सहकारी."
"मग तुम्ही परत घ्या."
"बाहेर पडला, आता माझा राहिला नाही."
"मग कोणाचा हाय?"
"कोणाचाच नाही. म्हणजे सगळ्यांचा."
"सर, काय सांगून राहिले तुम्ही! वरिष्ठ कोणीतरी असेल ना. अर्ज कोणाकडे करायचा?"

मी सांगू लागलो की या व्यवस्थेत मुद्दामच कोणी वरिष्ठ ठेवलेला नाही, हेच तिचं वैशिष्ट्य. वर्गात हे वाक्य मी छाती फुगवून म्हणायचो. दिलीपला फार आवडायचं ते, ताईंनीच सांगितलं. "ते म्हणायचे, इथं कोणी साहेब नाही, कोणी अडवू शकत नाही."

प्रज्ञा इतका वेळ बोर्डावर वाकून होती. वर न बघता म्हणाली, "म्हणजे बाबांनी तुमचं ऐकलं नसतं तर काही झालं नसतं."

"हो."

"त्यांनी विचारलं होतं का तुम्हाला? की हे लिहायलाच हवं का?"

कसं कळलं तिला? वडील ओळखत होती, एवढंच. मी हो म्हणालो. काय उत्तर दिलं होतं तेही सांगितलं. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि आत गेली. चहा झाला नाही. बरं झालं.


३० मार्च, सोम.

सवलतीची दुरुस्ती लिहून झाली, कौल फसला तर हाताशी असावी म्हणून. अकरा ओळींची. पावणेचार वर्षांपूर्वी हे पाच मिनिटांचं काम होतं. हेन्रिकनं पास केली. आणखी तिघांची संमती हवी. एकानं लिहिलंय, "चांगली आहे, पुढच्या आवृत्तीत बघू." पुढची आवृत्ती ऑक्टोबरात.


५ एप्रिल, रवि.

दहात सात.

मंडईत रेवती दिसली, कैऱ्या निवडत होती. तिनंही पाहिलं. कैरीवाल्याला म्हणाली, "या आंबट निघतील ना? खात्रीनं? हल्ली कशाचीच खात्री नाही." मग गेली. मी पिशवी घेऊन नुसता उभा. भाजी न घेताच घरी आलो.


९ एप्रिल, गुरु.

काही नाही. जेवण नको वाटतं. वैशाली म्हणते डॉक्टरकडे चल. डॉक्टर काय करणार.


१२ एप्रिल, रवि.

खाणवाल्यांतल्या एका मोठ्या गटाला पत्र. उत्तर आलं, सभ्य होतं. आमच्या ग्राहकांना नवी सोय हवी आहे, आपल्या भावना समजतात.


१८ एप्रिल, शनि.

सकाळी दहाला बेल. संगीताताई आणि प्रज्ञा. मुलगी परत माझं तोंड बघेल असं वाटलं नव्हतं.

ताईंनी पिशवीतून फाइल काढली. अर्ज. निळ्या शाईत, समास सोडून, दोन प्रतींत. इथे उतरवून ठेवतो.

"प्रति,
(दोन ओळी रिकाम्या)
विषय : कालकथित दिलीप वानखेडे यांनी मुलीसाठी ठेवलेल्या कुलपास नवीन नियमातून सूट मिळणेबाबत.
महोदय,
वरील विषयास अनुसरून विनंती करते की, माझे पती हे कंपनीत कामगार होते. त्यांनी मुलीच्या शिक्षणासाठी सोबत जोडल्याप्रमाणे कुलूप केले. त्यातील पहिली ओळ त्यांनी स्वतःच्या मनाने लिहिलेली नसून सरांनी सांगितल्याप्रमाणे लिहिलेली आहे. त्या वेळी सदर ओळीस अर्थ नव्हता. नंतर अर्थ देण्यात आला. अर्थ देतेवेळी आम्हांस कळविण्यात आले नाही. तरी जुन्या कुलपांस जुनाच नियम ठेवावा, ही विनंती."

खाली सही. सोबत : कुलपाची प्रत, मृत्यू दाखला, मुलीचा जन्मदाखला.

टपालयादीवर दीड महिन्यात काही शे पत्रं पडली. माझी धरून. एवढं स्पष्ट एकातही नव्हतं.

"प्रति मोकळं ठेवलंय," ताई म्हणाल्या. "नाव समजलं की तुम्ही भरा. आणि त्यांच्या भाषेत करून पाठवा. दाखल्यांवरची नावं-पत्ते झाका तेवढे."

हो म्हणालो. त्यांनी दुसरी प्रत पुढे केली. "पोच द्या."

"ताई, मी कोण पोच देणारा? मी काही कार्यालय नाही."

"घेतला ना अर्ज तुम्ही? घेतला त्यानं पोच द्यायची. चोवीस वर्षं हेच करून राहिले मी."

"मिळाला" लिहिलं. तारीख. सही. त्यांनी कागद उलटा करून वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. "हुद्दा राहिला."

पेन हातात धरून बसलो. काय लिहू? लेखक? तो तर म्हणतात फुटला. प्रज्ञा खिडकीशी उभी होती. म्हणाली, "शिक्षक लिहा ना. तेच होते ना तुम्ही त्यांचे."

शिक्षक लिहिलं. ताईंनी कागद फाइलीला टाचला. चपला घालताना म्हणाल्या, आमच्याकडे पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

गेल्यावर मी रडलो. वैशालीसमोर, ओट्याशी उभं राहून.


१९ एप्रिल, रवि.

अर्ज यादीवर टाकला. वर मराठी, खाली इंग्रजी. प्रति कोरं.

हेन्रिक: "पत्र कोणाला आहे ते लिहायचं राहिलं आहे का?"
मी: "नाही. राहिलेलं नाही."


२३ एप्रिल, गुरु.

हेन्रिकनं अर्जाखाली आपलं नाव लिहिलं, नुसतंच, उत्तरासारखं. मग आणखी चौघांनी. त्यातला एक छोटा खाणवाला, त्यानं हो मागे घेतलं. दुपारी रेवतीचा मेसेज, सात आठवड्यांनी. "सवलतीच्या सातव्या ओळीत चूक आहे. एक कमी मोजलंयस." बाकी काही नाही. पाहिलं. खरंच होती. दुरुस्त केली. तिला आभार लिहिले, निळी खूण आली, उत्तर आलं नाही.


२६ एप्रिल, रवि.

कौल दहात आठ. एक छोटा गेला, दोन मोठे आले. ऑगस्टला चार महिने.

सकाळी भाजीला गेलो तर प्रज्ञा भेटली, क्लासला चालली होती. थांबली. "काका, आलं का काही?" पहिल्यांदाच काका म्हणाली. नाही म्हणालो. "प्रति भरलंत?" नाही म्हणालो. बरं म्हणून गेली.

पानावर वर काही लिहिलं नाही हे आत्ता लक्षात आलं. कितव्या दिवसापासून लिहीत नाहीये ते मागे जाऊन बघवत नाही.

आज पोच दिल्याला आठवा दिवस.